चर्वणयात्रा : बॅटल क्रीक ते मॅकिनॉ

मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे प्रवासाचे मार्ग बहुधा ठरलेले असतात. भारतातून आई-वडील आले की नायगारा, भाचे-पुतणे आले की शिकागो, आणि दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन ज्या गावी असेल ते गाव. मधल्या काळात लग्नं, मुंजी, मुलांच्या ग्रॅज्युएशन पार्ट्या. या सगळ्यात आपलं स्वतःचं राज्य पाहायचं राहून जातं. २०२३ च्या जुलैमध्ये आम्ही दोघांनी पाच दिवस काढून ते पाहिलं, आणि तेही जरा वेगळ्याच निमित्ताने. लोक काशीयात्रा करतात, चारधाम करतात. आम्ही केली ती चर्वणयात्रा. 'नीट चावून खा, सावकाश जेवा' हा उपदेश ज्या जागी वाढला आणि ज्या जागी पोटाचं गुपित प्रथम उघड झालं, त्या दोन जागांची यात्रा.

मंडळी, हसू नका. निमित्त गंभीर होतं. आमच्यापैकी एकाची नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, त्यामुळे 'मी' कोण आणि 'तो' कोण असा घोटाळा नको म्हणून आधीच सांगतो : ज्याचं ऑपरेशन झालं तो 'पेशंट', आणि पाचही दिवस जिने गाडी चालवली आणि रोज त्याच्यासमोर बसून जी जेवते ती 'सारथी'.

ऑपरेशनचं नाव गॅस्ट्रिक बायपास. लठ्ठपणासाठी ते प्रथम केलं आयोवा विद्यापीठातल्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी, डॉ. चिकाशी इतो यांच्या जोडीने, १९६६ साली. तेव्हा पोट उघडावं लागे. आता चार-पाच लहान छिद्रांतून काम होतं आणि माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. पेशंटला मधुमेह होता, गुडघे बोलायला लागले होते, आणि आहार, व्यायाम, औषधं सगळं करून झालं होतं. आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आशियाई माणसाला कमी वजनावरच मधुमेह गाठतो. म्हणून २०२२ साली शल्यविशारदांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवावा असं म्हटलं आहे. त्यामुळे 'तू काही एवढा जाडा नव्हतास' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी वैद्यकशास्त्राला धरून नाही.

या ऑपरेशनात काय करतात ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढची सगळी यात्रा त्यावर बेतलेली आहे. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी एक पिशवी वेगळी काढतात. तिच्यात मावतं साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन टेबलस्पून. ही पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, पाचकरस पाठवत राहतं, पण अन्नाची आणि त्याची गाठ पडत नाही.

आता आपल्या पोटात देवाने एक जातं बसवलेलं असतं. जठराचा खालचा भाग अन्न घुसळतो, भरडतो, आणि अगदी बारीक, पातळ झाल्याशिवाय त्याचं दार पुढे सोडत नाही. आपण घाईघाईने दोन-चार वेळा चावून गिळलेला पोळीचा तुकडा निभावून जातो तो या जात्याच्या जिवावर. बायपासमध्ये ते जातंही बाजूला पडतं आणि दारही. छोट्या पिशवीला दळता येत नाही, आणि तिच्यातून आतड्यात जायची वाट असते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. म्हणजे पोटातलं दळण आता दातांवर आलं. चावणं ही चांगली सवय राहिली नाही, तो एक अवयव झाला.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली नियमावली आमच्या फ्रिजवर अजून आहे. पहिले काही आठवडे आधी पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ असं पायरीपायरीने चढायचं. त्यानंतर जन्मभरासाठी : घास करंगळीच्या नखाएवढा. पंचवीस-तीस वेळा चावायचा. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यायची. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर भात-पोळी. छातीत दाटलं, उचकी लागली किंवा नाक वाहायला लागलं की तो पोट भरल्याचा निरोप समजायचा आणि तिथेच थांबायचं. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम या गोळ्या कायमच्या. पेशंटने ही यादी वाचून पहिलं वाक्य काढलं ते असं : "यातलं निम्मं तर आजी सांगायची!"

खरंच की. 'देवाने बत्तीस दात दिलेत, घास बत्तीस वेळा चाव' हे आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? आजीच्या त्या बत्तीसचं पाळणं लहानपणी कोणालाच जमलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर, साता समुद्रांपलीकडे, ते डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून आलं.

पण आमची खरी अडचण नियमांची नव्हती. ती होती ताटाबाहेरची. आपली सगळी माणुसकी जेवणातून व्यक्त होते. 'अजून एक पोळी', 'माझ्या हातचं नाही का खाणार', 'एवढंसं काय घेतलंस' याशिवाय आपलं घरगुती प्रेम बोलायलाच शिकलेलं नाही. ऑपरेशनला चार महिने झाले होते. एका परिचितांकडे आम्ही जेवायला गेलो. मंडळी भराभर जेवून उठली, गोडाची वेळ झाली, पेशंटच्या ताटात अर्धी पोळी तशीच. वहिनी वाढण्यासाठी ताटकळल्या होत्या. त्या घाईत पोळीचा एक तुकडा अडकला. ज्याला हे झालेलं नाही त्याला कसं सांगावं? छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात लाळेचा फेस दाटतो, बोलता येत नाही. पेशंट वीस मिनिटं बाथरूममध्ये. तुकडा शेवटी बाहेर आला, पण वहिनींचा चेहरा उतरला तो उतरलाच. 'माझ्या पोळीने त्रास झाला' हे त्यांच्या मनातून जाईना. परत येताना गाडीत पेशंट म्हणाला, "आता कोणाकडे जेवायला जायलाच नको." आणि त्यानंतर दोन महिने आम्ही खरोखरच कोणाकडे गेलो नाही. मंडळाच्या पाडव्यालासुद्धा नाही.

त्या दोन महिन्यांत, घरी बसल्या बसल्या, आम्ही वाचायला लागलो. चावण्याचं हे खूळ पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात शिरलं? आणि आश्चर्य म्हणजे वाचता वाचता दोन्ही वाटा आमच्याच राज्यात आल्या. एक बॅटल क्रीकला, दुसरी मॅकिनॉ बेटावर. तेव्हा निघालो.

डेट्रॉइटकडून आय-९४ ने पश्चिमेला निघालं की अ‍ॅन आर्बर, जॅक्सन, मार्शल अशी गावं मागे टाकत दोनेक तासांत बॅटल क्रीक येतं. खिडकीची काच खाली केली आणि वारा बरोबर असला की गावाची ओळख नाकाला आधी होते. भाजलेल्या धान्याचा, किंचित गोडसर वास. आपल्याकडे भाजणी दळून आणल्यावर घरात सुटतो तसा, फक्त त्यात धने-जिऱ्याचा खमंगपणा नाही. जगाच्या सकाळच्या वाडग्यात जे पडतं, त्यातलं बरंचसं या गावात जन्मलं.

गावाच्या मध्यावर एक प्रचंड इमारत आहे. खांबांची लांबच लांब रांग, आणि बाजूला मोठा मनोरा. आज तिथे केंद्र सरकारची कार्यालयं आहेत आणि नाव आहे हार्ट-डोल-इनोये फेडरल सेंटर. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी इस्पितळ होतं. तिथे उपचार घेतलेले तीन जखमी सैनिक पुढे सेनेटर झाले, म्हणून २००३ साली त्यांची नावं इमारतीला दिली. पण आम्हाला हवं होतं त्याच्या आधीचं नाव : बॅटल क्रीक सॅनिटेरियम. १८७६ मध्ये डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी इथली सूत्रं हाती घेतली आणि हे आरोग्यधाम जगप्रसिद्ध केलं. १९०२ मध्ये ते जळालं, पुढच्याच वर्षी पुन्हा उभं राहिलं, आणि १९२८ मध्ये त्याला मनोरा जोडला गेला. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन यांच्यासारखी माणसं इथे येऊन गेली. शाकाहार, मोकळी हवा, व्यायाम, पाण्याचे नाना उपचार, दही! आपल्या निसर्गोपचार आश्रमाचा हा अमेरिकन, श्रीमंत थोरला भाऊ म्हणा ना.

या केलॉग डॉक्टरांना भेटला होरेस फ्लेचर. हा मूळचा व्यापारी. चाळिशीत वजन इतकं वाढलं की विमा कंपनीने त्याला विमा नाकारला. त्याने औषध शोधून काढलं ते एकच : चावणं. घास तोंडात पाणी होऊन आपोआप घशाखाली उतरेपर्यंत चावायचा, आणि जे पाणी होणार नाही ते थुंकून टाकायचं. चाळीस पौंडांहून जास्त वजन त्याने असं उतरवलं. दूध आणि सूपसुद्धा तोंडात घोळवूनच घ्यावं असं त्याचं म्हणणं. एकदा एका लहानशा कांद्याला ७२२ वेळा चावावं लागलं म्हणे! येल विद्यापीठात १९०३ साली त्याच्या ताकदीची रीतसर परीक्षा झाली आणि तो उत्तम उतरला. लोक त्याला 'महान चर्वणकार' म्हणायला लागले. इंग्रजीत 'फ्लेचराइझ' असं क्रियापदच तयार झालं. केलॉग डॉक्टरांनी ते आपल्या भोजनगृहात पाटीवर लावलं, आणि पाहुण्यांनी म्हणावं म्हणून चावण्याचं एक गाणंही रचलं.

रस्त्याच्या पलीकडे बाकावर बसून आम्ही ती खांबांची रांग बघत होतो. डोळ्यांपुढे शेकडो माणसांची पंगत आली, गाणं म्हणून जेवायला बसलेली, एका तालात जबडे हलवणारी. सारथी म्हणाली, "म्हणजे श्लोक म्हणून जेवायला बसायचं, तसंच की." पेशंट म्हणाला, "आणि सगळेच हळू जेवणारे. कोणी कोणाच्या ताटाकडे बघत नसणार." विनोदाने सुरू झालेलं बोलणं तिथे जरा थांबलं.

फ्लेचरचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्याचा अतिरेक पुढे केलॉगनाही पटेना. चोथा थुंकला तर पोटात जाणार काय, आणि पोट साफ होणार कसं, हा त्यांचा रास्त सवाल. बत्तीस या आकड्यातही जादू नाही. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन आपल्या मुलांना बत्तीस वेळा चावायला सांगत असं म्हणतात. म्हणजे आमची आजी आणि ग्लॅडस्टनसाहेब, दोघांनी दातच मोजले! पण मुळातली गोष्ट खरी आहे. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि घाईने जेवणारा माणूस त्या निरोपाच्या आधीच दुसरी वाढ घेऊन बसलेला असतो.

याच गावाचा एक गमतीदार विरोधाभास. केलॉग डॉक्टर पाहुण्यांना टणक, कोरडी बिस्किटं द्यायचे, ती चावली जावीत म्हणून. चावायला सोपं धान्य कसं करता येईल या खटपटीत १८९४ मध्ये त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला पापुद्र्यांची युक्ती सापडली. धाकट्या विलने १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली, नावावरून दोघा भावांत कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी जगाने काय घेतलं? दुधात भिजवून, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत ऑफिसला पळण्याआधी गिळायचा नाश्ता. चावायला शिकवणाऱ्या गावाने जगाला न चावता खायला दिलं! दोघे भाऊ आज ओक हिल नावाच्या एकाच दफनभूमीत आहेत. गुलामगिरीविरुद्ध उभी राहिलेली सोजर्नर ट्रूथ हिचीही समाधी तिथेच आहे. तिच्यापुढे मात्र आम्ही यात्रा विसरून दोन मिनिटं उभे राहिलो.

रात्रीच्या जेवणाला वाटेतल्या एका रेस्टॉरंटात गेलो. नियम असा की एकच प्लेट मागवायची आणि त्यातला चौथा हिस्सा पेशंटचा. माशाचा मऊ तुकडा, उकडलेल्या भाज्या. दहाव्या मिनिटाला वाढणारी मुलगी आली : "आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?" पंधराव्या मिनिटाला पुन्हा तेच. एवढी वर्षं या देशात राहून या प्रश्नाकडे आमचं लक्ष गेलं नव्हतं. इथे जेवण म्हणजे 'काम' आहे, आणि काम लवकर आटपलं पाहिजे! तिसऱ्या वेळी सारथीने हसून सांगितलं, "आम्हाला काम नाही, आम्ही जेवतोय." ती मुलगी मोकळेपणाने हसली आणि नंतर सावकाश येत राहिली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे. लॅन्सिंगपर्यंत आय-६९, पुढे यूएस-१२७, ग्रेलिंगजवळ आय-७५. चार-साडेचार तासांचा रस्ता. जसजसं वर जावं तसतशी शेती संपते आणि पाईनची झाडी सुरू होते. गेलॉर्डच्या आसपास पंचेचाळिसावा अक्षांश ओलांडला, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध. तिथल्या विसाव्याच्या जागी आम्ही डबा उघडला. मुगाचं घट्ट वरण, बारीक चुरलेलं पनीर, आणि सारथीसाठी दशम्या. अर्धा तास जेवलो. शेजारच्या टेबलावर तेवढ्या वेळात तीन कुटुंबं येऊन बर्गर खाऊन गेली. त्या अर्ध्या तासात आमच्या लक्षात आलं की झाडीत एक सुतारपक्षी आहे. हा हळू जेवण्याचा फायदा कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही.

मॅकिनॉ सिटीहून बोट. बेटाचं नाव लिहितात मॅकिनॅक असं, पण उच्चार मात्र मॅकिनॉ. शेवटचं अक्षर खाऊन टाकायचं. (चावून!) डावीकडे १९५७ साली सुरू झालेला पाच मैलांचा झुलता पूल, समोर हिरवा डोंगर, त्याच्या कडेला पांढरा किल्ला. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाड्या, सायकली आणि आपले पाय, एवढीच वाहनं. बेटाभोवती फिरणारा आठ मैलांचा रस्ता आहे, त्यावरही मोटार नाही. ज्या देशात सगळं घाईत चालतं, त्या देशाने आपल्या सुट्टीसाठी मुद्दाम राखून ठेवलेली ही सावकाशी.

बंदरावर उतरलं की पहिला हल्ला होतो तो फजचा. फज म्हणजे साखर, लोणी, चॉकलेट यांची वडी. नारळाच्या वडीची श्रीमंत मावसबहीण. संगमरवरी फरशीवर गरम पाक ओतून मोठ्या उलथन्यांनी तो घोटत असतात आणि वास रस्ताभर दरवळत असतो. बेटावर येणाऱ्या पर्यटकांना इथले लोक थट्टेने 'फजी' म्हणतात. बायपास झालेल्या माणसाला साखरेचं खास भय असतं. जठराचं दार नसल्याने साखर धाडकन आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आणि मग छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा. याला 'डंपिंग' म्हणतात. पेशंटने दुकानाबाहेर उभं राहून पाक घोटणाऱ्या माणसाचे हात पाहिले, वास घेतला, आणि नमुन्याचा तुकडा सारथीच्या हातावर ठेवला. तो तिने सवयीने दोन चाव्यांत संपवला नाही. तुम्हाला सांगतो, फज असा पाच मिनिटं तोंडात विरघळू दिला की एकच तुकडा पुरतो.

आता ज्यासाठी आलो ते. फोर्ट स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अमेरिकन फर कंपनीचं जुनं दुकान पुन्हा उभारलेलं आहे. ६ जून १८२२ रोजी त्या दुकानात चुकून बंदुकीचा बार उडाला आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण फ्रेंच-कॅनडियन हमालाच्या डाव्या बरगड्यांखाली घुसला. किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट धावत आले. हा काही वाचत नाही असं त्यांचं मत झालं, पण त्यांनी शर्थ केली आणि तो वाचला. फक्त जखम पुरती भरली नाही. कडा जठराला चिकटून एक भोक कायमचं राहिलं, बोटाने आतली घडी दूर केली की जठर दिसे.

त्याआधी पोटात नेमकं काय चालतं हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. शिजतं की कुजतं की दळलं जातं यावर पंडितांचे वाद चालत. १८२५ च्या मे महिन्यात ब्यूमाँटनी याच बेटावर प्रयोग सुरू केले. मांस, पाव, कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून भोकातून आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचे. पुढे बदली होईल तिथे प्रयोग चालू राहिले आणि १८३३ मध्ये पुस्तक आलं. त्यातले निष्कर्ष वाचताना आम्हाला आमच्या फ्रिजवरचा कागद आठवला. अन्न जितकं बारीक तितकं लवकर पचतं. माणूस साधारणपणे गरजेपेक्षा जास्तच खातो. आणि रागावलेल्या, धास्तावलेल्या माणसाचं पोट नीट काम करत नाही. सेंट मार्टिन चिडला की ते ब्यूमाँटना डोळ्यांनी दिसायचं.

पेशंट त्या फलकांपुढे बराच वेळ उभा होता. डॉक्टरांपेक्षा त्याचं मन गुंतलं होतं त्या हमालात. जगाला ज्ञान मिळालं, डॉक्टरांना कीर्ती मिळाली, आणि अलेक्सिसच्या वाट्याला आलं ते भोक आणि त्यातून डोकावणारे लोक. करार करून, थोड्या पैशांवर त्याला प्रयोगांना बांधून घेतलं होतं. तो कंटाळून कॅनडात निघून जाई, पुन्हा बोलावणी येत. लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि ब्यूमाँटच्या मृत्यूनंतर पंचवीसहून जास्त वर्षं तो जगला. १८८० मध्ये तो गेला तेव्हा डॉक्टर मंडळींना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी देह मुद्दाम काही दिवस ठेवून खराब होऊ दिला आणि मग खूप खोल पुरला, कोणी उकरून नेऊ नये म्हणून.

किल्ल्यावरच्या टी रूममध्ये बाहेर बसलो. खाली बंदर, निळं पाणी. पेशंट म्हणाला, "त्या दिवशी पोळी अडकली त्याचं मला दुःख नाही गं. सगळे माझ्या ताटात बघत होते त्याचं आहे. किती खाल्लं, किती उरलं, किती उतरलं. कोणी 'कसा आहेस' असं विचारलंच नाही." सारथी काही बोलली नाही. तिने आपला चमचा खाली ठेवला, तो त्याचा घास होईपर्यंत. मग पुन्हा उचलला. त्या दुपारी आम्ही सूप आणि सँडविचला पाऊण तास लावला आणि एकमेकांशी जेवढं बोललो तेवढं गेल्या कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

आम्हाला वाटतं, हळू जेवणं अवघड नाही. एकट्याने हळू जेवणं अवघड आहे. फ्लेचर एकटा असता तर विक्षिप्त ठरला असता, केलॉगच्या भोजनगृहात त्याची रीत झाली. आणि आपल्याकडे ही रीत होतीच की! पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नसे. आजोबा बिनदातांचे असले तर सगळी पंगत आजोबांच्या वेगाने जेवायची. ताटाभोवतीचं पाणी, श्लोक, सावकाश येणारी वाढ, सगळ्यांतून जेवणाला आपोआप अर्धा-पाऊण तास मिळायचा. बुफेच्या रांगा आल्या, कागदी प्लेट उभ्याने संपवायची पद्धत आली, आणि तो वेळ गेला. आग्रह तेवढा मागे राहिला.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते त्या वहिनींना फोन. त्यांच्याच घरी, त्यांच्याच हातचं जेवायला येतो म्हणून सांगितलं. जाताना काय करायचं तेही मोकळेपणाने बोललो, आणि तेच इथे लिहितो, कारण आता अशी ऑपरेशनं आणि भूक कमी करणारी इंजेक्शनं आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आली आहेत, कोणी सांगत नसलं तरी. पाहुण्याला लहान ताटली द्या आणि त्याचं त्याला वाढून घेऊ द्या. वरण, पिठलं, अंड्याची भुर्जी, मऊ मासा, दही असं काही असू द्या. मऊ पोळीचा तोंडात गोळा होतो, चिकट भाताचा आणि साबुदाण्याच्या खिचडीचाही. ती बाजूला ठेवली तर वाईट वाटून घेऊ नका. पाण्याचा ग्लास पुढे सरकवू नका. किती खाल्लं ते विचारू नका. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याचं होईपर्यंत ताटावरून उठू नका.

वहिनींनी त्या दिवशी मुगाचं बिरडं वाटून मऊ केलं होतं. आठ माणसं पन्नास मिनिटं जेवत होती. त्यांचा कॉलेजातला मुलगाही फोन न काढता बसला. पेशंटने अर्धी वाटी खाल्ली, आणि कोणीही वाटीकडे पाहिलं नाही.

तुम्ही कधी मिशिगनला आलात तर नायगारा एक दिवस मागे ठेवा. बॅटल क्रीकला गाडीची काच खाली करून गावाचा वास घ्या. मॅकिनॉ बेटावर शक्यतो एक रात्र राहा. संध्याकाळच्या बोटीने गर्दी परत गेली की घोड्यांच्या टापांखेरीज आवाज उरत नाही. ब्यूमाँटचं ते संग्रहालय उन्हाळ्यातच उघडं असतं, तेव्हा जून-जुलै-ऑगस्ट साधा. फज घ्या, पण पाव पौंडच, आणि पाच जणांत वाटून. आणि आमच्याकडे जेवायला या. आमच्याकडे आता जेवणाला पाऊण तास लागतो, तेवढी सवड काढून या.